पहिली दोन पानं

कातळवाडी, ता. अकोले
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय रेश्मा,

तू मला ओळखत नाहीस, मी तुला ओळखत नाही. माधुरी मॅडमनी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, मी हात घातला आणि तुझं नाव निघालं : रेश्मा केदार, इयत्ता सातवी, बोरदरा, ता. पाथर्डी. मीही सातवीत आहे. माझं नाव मोनिका बांडे. आमची वाडी भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाला आहे. मोबाईलला रेंज फक्त खिंडीत येते, म्हणून पत्र.

तुमच्या अमृत सरांनी सांगितलंच असेल. आमच्या मॅडम आणि ते कॉलेजात बरोबर होते. दोघांनी ठरवलंय की यंदा विज्ञानाचा आणि मराठीचा तास एकत्र घ्यायचा. आपण एकमेकींना आपल्याकडचं बी पाठवायचं, दुसरीनं ते तिच्या मातीत लावायचं आणि काय होतंय ते पत्रात लिहायचं. मॅडम म्हणतात, पत्र वाचून समोरच्याला रोप दिसलं पाहिजे. मी कच्च्या पत्रात "छान वाढलंय" असं लिहिलं होतं. त्यांनी लाल पेनानं गोल केला आणि विचारलं, "छान म्हणजे किती गं? कशावरून?" जे डोळ्यांनी पाहिलं नाही, नुसता अंदाज आहे, त्याच्याखाली रेघ मारायची. आलेली पत्रं वर्गात मोठ्यानं वाचायची.

सोबतच्या पुडीत घेवड्याचं बी आहे. आई ते राखेत घोळून गाडग्यात ठेवते, म्हणून हात काळे होतील. वेल असतो, त्याला काठी लाव, नाहीतर जमिनीवर लोळतो आणि कुजतो.

आणि मातीची बाटली करून बघ. बाटलीत एक मूठ माती, वर पाणी, हलवायची आणि ठेवून द्यायची. आमची तांबडी माती लगेच खाली बसली. खाली खडे, मग वाळू, वर बारीक गाळ. तुमची काळी असेल असं वाटतं. (ही बघ, रेघ मारली.)

तुझ्या शाळेच्या दारातून काय दिसतं ते लिही.

तुझी मैत्रीण,
मोनिका


बोरदरा, ता. पाथर्डी
२८ सप्टेंबर २०२४

प्रिय मोनिका,

तुझं पत्र सरांनी माझ्याकडून वर्गात वाचून घेतलं. मला मोठ्यानं वाचायची लाज वाटते, पण घेवड्याचं वाचताना पोरं गप्प बसली. मला आजपर्यंत कुणाचं पत्र आलं नव्हतं. घरी आजीला परत वाचून दाखवलं. आजीचं नाव छबूबाई. ती म्हणाली, "राखंत बी ठिवती म्हंजी शानी बाई हाय तिची आई."

तुझा अंदाज बरोबर आहे, आमची माती काळी आहे. बाटली केली. तीन दिवस झाले तरी पाणी गढूळच आहे. सर म्हणाले, चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की त्यांना खाली बसायला वेळ लागतो. पुस्तकातला मातीचा धडा आम्ही त्याच दिवशी वाचला. आधी बाटली केली म्हणून तो लवकर समजला.

घेवडा मी घरामागं भिंतीला लावला, तेलाच्या जुन्या डब्यात. सहा बिया लावल्या, चार वर आल्या. बी आधी वाकलेल्या मानेसारखं वर येतं, मग सरळ होतं. काल दोन पानं उघडली. समोरासमोर आहेत, पिंपळाच्या पानासारखी, पण टोक लांब नाही. चित्र काढलंय. पाणी मी भांडी विसळलेलंच घालते, कारण टँकर एक दिवसाआड येतो.

शाळेच्या दारातून एक बाभळ, हापसा आणि मग डोंगर दिसतो. डोंगर उघडा आहे.

माझे आई-बाबा दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. धाकटा भाऊ कल्याण दोन वर्षांचा आहे, तो त्यांच्याबरोबर जातो. मी आजीजवळ राहते. आजी आहे म्हणून माझी शाळा बुडत नाही. पुडीत ज्वारी आहे. तिला फार पाणी घालू नको.

तुझी मैत्रीण,
रेश्मा


कातळवाडी
१९ ऑक्टोबर २०२४

प्रिय रेश्मा,

तुझ्या ज्वारीचं वाईट चाललंय. मी पाणी घातलंच नाही, पण वरून पडणारं कोण थांबवणार? पाऊस अजून जात नाही. रोपं वीतभर झाली आणि खालची पानं टोकाकडून पिवळी पडली. एक उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागली. मॅडम म्हणाल्या, "मुळांनाही श्वास लागतो. पाणी साचलं की माती त्यांचं तोंड दाबते." आता मी उरलेली रोपं वाफा उंच करून लावलीत.

वर्गात तुझं पत्र वाचलं. वाकलेल्या मानेचं सगळ्यांना आवडलं. आदिनाथ म्हणाला, तुझी जोडीदारीण तुझ्यापेक्षा चांगलं लिहिते. मला राग आला, पण ते खरं आहे.

आता तुझ्या वेलाला तिसरं पान आलं असेल. ते कसं आहे ते मी सांगणार नाही, तू सांग. गंमत आहे त्यात.

लवकर लिही. जानेवारीत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे आणि मॅडम म्हणतात, चांगल्या जोडीचा तक्ता तिथं नेणार. मला आपला न्यायचाय.

तुझी,
मोनिका


२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय मोनिका,

पत्राला उशीर झाला, माफ कर. आम्ही सगळे मजेत आहोत. आजी बरी आहे.

घेवडा छान वाढला आहे. वेल छपरापर्यंत गेला आहे. पानं खूप आली आहेत, चित्र खाली काढलं आहे. फुलं पिवळी आहेत. पाणी भरपूर आहे, पाटाला वाहतच असतं, त्यामुळं चिंता नाही. शेंगा पण येतील.

तक्ता चांगला कर. तुझं अक्षर चांगलं आहे, तूच कर.

तुझी,
रेश्मा


कातळवाडी
३ डिसेंबर २०२४

रेश्मा,

तुझं पत्र मी वर्गात वाचायला उभी राहिले आणि मध्येच थांबले. मग मॅडमना म्हणाले, माझा घसा दुखतोय.

तू खोटं लिहिलंस.

घेवड्याची पहिली दोन पानं पिंपळासारखी असतात, तू पूर्वी चित्र काढलंस तशी. त्याच्यानंतरचं प्रत्येक पान तीन-तीनचं असतं, बेलासारखं. हीच ती गंमत होती. तू छपरापर्यंतच्या वेलाला सगळी पहिल्यासारखीच पानं काढलीस. म्हणजे तू पहिली दोन पानं पाहिलीस आणि पुढं पाहिलंच नाहीस. आणि या घेवड्याला फुलं जांभळी येतात, पिवळी कधीच नाही. तुमच्याकडं टँकर एक दिवसाआड येतो आणि आता पाटाला पाणी वाहतंय? तू "छान" असं लिहिलंस. एकाही ओळीखाली रेघ नाही.

मी तुझी ज्वारी पावसात भिजून वाचवली. रोज मोजते. तुला कंटाळा आला असेल तर तसं सांगायचं. मी दुसरी जोडीदारीण मागितली असती.

मोनिका


(पत्ता नाही. उसाच्या फडावरून.)
१४ डिसेंबर २०२४

मोनिका,

तुझं पत्र अमृत सरांनी आमच्या गावच्या ट्रॅक्टरवाल्याबरोबर इकडं पाठवलं. मी ते तीनदा वाचलं. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. हे वर्गात वाचू नको.

दिवाळीच्या आधी आजी हापशापाशी घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. आत्या येऊन तिला शेवगावला घेऊन गेली. मग मला ठेवायचं कुणापाशी? घराला कुलूप लावलं आणि मला इकडं आणलं. निघायच्या दिवशी मी घेवड्याच्या डब्याला सगळी घागर ओतली. नंतर काय झालं ते पाहिलं नाही. वाळला असेल. (याच्याखाली रेघ मारते.)

सर म्हणाले होते, पत्र थांबवू नको, नाव पटावर आहे. मग मी पाहिलं नव्हतं ते लिहिलं. तू तक्ता करणार होतीस, तो माझ्यामुळं अडायला नको, असं वाटलं.

आता पाहते ते लिहिते. आम्ही प्रवरेच्या काठच्या भागात आहोत. कोपीत राहतो. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, आत बाबांना वाकून यावं लागतं. उजाडायच्या आत सगळे फडात जातात. ऊस तोडायचा, शेंड्याचा हिरवा पाला, म्हणजे वाढं, छाटायचं, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवरून वर चढायचं. उसाच्या पानाला बारीक दाते असतात. मी भिंगासारखा पाण्याचा थेंब ठेवून पाहिलं, करवतीसारखे एका दिशेनं असतात, खाली चित्र काढलंय. पान खालून वर ओढलं की कापतं, वरून खाली ओढलं तर कापत नाही. माझ्या हातावर ओरखडे आहेत, त्यांना घाम लागला की झोंबतं.

कल्याणला मी सांभाळते. ट्रॅक्टर मागं येताना लहान पोरं दिसत नाहीत, म्हणून त्याच्या कमरेला लुगड्याची पट्टी बांधते आणि दुसरं टोक माझ्या कमरेला. तो उपटलेल्या गवताची मुळं तोंडात घालतो.

आईचं फार अवघड आहे. मागच्याच्या मागच्या साली तिची पिशवी काढली. तेव्हापासून तिला मोळी झेपत नाही. उचलली की कमरेत कळ येते आणि ती खाली बसते. मुकादम ओरडतो म्हणून तिच्या वाटच्या मोळ्या मीच वाहते, म्हणजे त्याला कळत नाही. आई कुणाला काही सांगत नाही. मला पण म्हणते, बोलू नको.

इथं पाटाला खरंच पाणी वाहतं. तेवढं खोटं नव्हतं.

मला दुसरी जोडीदारीण आवडणार नाही.

रेश्मा


कातळवाडी
२६ डिसेंबर २०२४

प्रिय रेश्मा,

माझं चुकलं. मी तुला कंटाळा आला म्हणाले. तुझं पत्र मी वर्गात वाचलं नाही. मॅडमना दाखवलं, कारण त्यांना तक्त्याचं विचारायचं होतं. त्या दुसरं पान वाचताना थांबल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे पत्र तुझ्यापाशी नीट ठेव. हे तक्त्यासाठी नाही." एवढंच. मी का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मोठी झालीस की कळेल."

मी मॅडमना विचारलं, प्रवरेचं पाणी कुठून येतं. त्यांनी नकाशा काढला. ते आमच्या धरणातूनच सुटतं, पाटानं तुमच्याकडं येतं. म्हणजे मी इथं ज्या पाण्याला वैतागते तेच तुझ्या उसाला जातं.

तुझ्या आईची पिशवी कुणी काढून घेतली? मुकादमानं का? आमच्याकडं बायका मोळी आणताना डोक्यावर गोणपाटाची जाड पिशवी घेतात, तिच्यावर वजन टेकतं आणि मानेला लागत नाही. तुमच्याकडं पण तसंच असणार. मी आईला म्हणाले, माझ्या मैत्रिणीच्या आईला एक पिशवी शिवून दे. आईनं जुन्या घोंगडीचा तुकडा आत घालून जाड शिवलीय. कडा दुहेरी आहेत. पार्सल अमृत सरांच्या पत्त्यावर पाठवलंय. ही लपवून ठेवायला सांग, म्हणजे परत कुणी काढणार नाही.

तक्त्याचं मी ठरवलंय. घेवड्याच्या रकान्यात मी लिहिणार : पहिल्या दोन पानांनंतर निरीक्षण थांबलं. कारण : विद्यार्थिनीला गाव सोडावं लागलं. आणि उसाच्या पानाच्या दात्यांचं तुझं चित्र लावणार. आमच्या वर्गात सगळ्यांनी उसाचं पान आणून पाहिलं. तू म्हणतेस तसंच आहे.

तुझीच,
मोनिका


उसाच्या फडावरून
६ जानेवारी २०२५

प्रिय मोनिका,

पिशवी मिळाली. आईनं ती खूप वेळ मांडीवर धरली. मग विचारलं, "ह्या पोरीला काय सांगितलंस तू?" मी म्हणाले, काही नाही, मोळीसाठी पाठवलीय. तिनं पिशवीची घडी घालून गाठोड्यात ठेवली. तुझ्या आईला सांग, टाके फार बारीक आहेत.

माझं ते पत्र नीट ठेव. किंवा फाडून टाकलंस तरी चालेल.

कल्याणला ताप आहे. प्रदर्शनाचं कळव.

रेश्मा


कातळवाडी
२० जानेवारी २०२५

प्रिय रेश्मा,

आपला पहिला नंबर आला!

सगळं पहिल्यापासून सांगते. प्रदर्शन अकोल्याला होतं. इतरांची पवनचक्की, ज्वालामुखी, दिवे लागणारी घरं. आपला नुसता तक्ता, मातीची एक बाटली आणि वाळवलेली रोपं. मॅडमना दुसऱ्या मुलांबरोबर पलीकडच्या खोलीत जावं लागलं. तेवढ्यात तपासायला तीन जण आले. त्यातल्या एका सरांनी तक्ता वाचला आणि मला विचारलं, "दोघींचं नाव आहे, मग दुसरी कुठं? तिचा रकाना अर्धा रिकामा. काम सगळं तूच केलंस, तिचं नाव कशाला घातलंस? मैत्रीण म्हणून?" आणि ते हसले.

रेश्मा, मला ते सहन झालं नाही. तुझं पत्र माझ्या दप्तरात होतं. मी म्हणाले, तिचं काम ऐका. आणि वाचलं. तू वर्गात वाचू नको म्हणाली होतीस, पण तो वर्ग नव्हता. पानाच्या दात्यांचं वाचलं, कल्याणच्या पट्टीचं वाचलं, आईच्या पिशवीचं वाचलं. शेजारच्या टेबलावरची माणसं जवळ आली. मी वाचून मान वर केली. एक मॅडम तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. हसलेल्या सरांनी मला विचारलं, "तुझी मैत्रीण नेमकी कुठं आहे?" मी प्रवरेकाठचं सांगितलं, कारखाना कुठला ते पण सांगितलं, कारण पार्सलाच्या वेळी ते आणि तुझ्या आईचं नाव अमृत सरांनी कळवलं होतं. एका पेपरवाल्यानं पत्राचा मोबाईलवर फोटो काढला. मी तुझं पूर्ण नाव, आईचं नाव नीट लिहून दिलं, म्हणजे चुकायला नको.

आमच्या मॅडम आल्या तेव्हा सगळं झालं होतं. मला वाटलं त्या शाबासकी देतील. त्यांनी फक्त विचारलं, "पूर्ण वाचलंस?" येताना जीपमध्ये त्या डोळे मिटून बसल्या. डोकं दुखत असेल. (अंदाज.)

आता तुमच्याकडं साहेब लोक येतील आणि मुकादमाला जाब विचारतील. बघच तू.

तुझीच,
मोनिका


कातळवाडी
१६ फेब्रुवारी २०२५

रेश्मा,

तुझं पत्र नाही. पेपरात आलेलं मॅडमनी मला दाखवलं नव्हतं, ते मी वाण्याच्या दुकानात पाहिलं. तुझ्या आईचं नाव मोठ्या अक्षरात होतं. वाणी मला म्हणाला, "काय दिवस आलेत, पोरी पण असलं वाचतात." मला कळलं नाही. घरी येऊन आईला विचारलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि ती पिशवी म्हणजे बाईच्या पोटातली, मूल वाढतं ती, असं सांगितलं. मग म्हणाली, "आणि माझ्याकडून पिशवी शिवून पाठवलीस तू?" ती रडली.

मला खरंच माहीत नव्हतं. आधी वाटलं, माहीत नव्हतं म्हणजे माझी चूक नाही. पण तू वाचू नको म्हणाली होतीस, ते तर मला माहीत होतं.

मॅडम म्हणाल्या, चूक त्यांचीही आहे, त्यांनी मला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुला पत्र मलाच लिहायचंय.

तू शिवी दिलीस तरी चालेल. पण लिही. तुम्ही कुठं आहात?

मोनिका


बोरदरा, ता. पाथर्डी
१० जून २०२५

मोनिका,

जानेवारीपासूनची तुझी सगळी पत्रं अमृत सरांनी ठेवली होती. आम्ही गावी आल्यावर दिली. मी उत्तर लिहिणार नव्हते. आई म्हणाली, तिला लिही, मी सांगते तसं लिही. म्हणून हे पुढचं तिचं आहे. ती बोलते तसंच लिहिते.

मोनिका पोरी, मी लंकाबाई. रेश्माची आई.

तुझा मला लई राग आला हुता. तुझ्यापरीस रेश्माचा आला. मी तिला मारली. पेपर आला त्या दिवशी मुकादम आबासाहेबानं ट्रॅक्टरपाशी सगळ्या टोळीला गोळा करून माझ्या नावाचं मोठ्यानं वाचलं. बाप्ये माणसं हुती, पोरंसोरं हुती. कुनी हसलं न्हाई. सगळे खाली बघत हुते. रेश्माचा बाप उठला अन् फडात निघून गेला. माझ्या नवऱ्यालाबी मी धड सांगितलं न्हवतं काय काय हुतंय मला. ते त्यानं तिथं ऐकलं.

दुसऱ्या दिशी साहेब लोक आले. पोरांची नावं घेतली, बिस्कुटं दिली, फोटू काढले. माझा बी काढत हुते, मी पदर वढला. रेश्माला शाळंत घालतो म्हनले. त्या साहेबांच्या गाड्या गेल्या अन् पुढच्या दिशी मुकादमानं टोळी उठिवली. कर्नाटकात नेली, लई लांब. तिथं कुनाला आमची भाषा कळंना. कल्यानचा ताप तिथं वाढला हुता, आता बरा हाय. सासूबाई शेवगावला वारल्या, ते आमाला मातीनंतर कळलं. रेश्माला तिचं तोंड बघाया मिळालं न्हाई.

हे समदं तुझ्यामुळं झालं आसं मी म्हनत न्हाई. तू तिच्या बाजूनं बोलाया गेलीस. पन पोरी, दुखनं माझं हुतं. ते कुनाला सांगायचं, किती सांगायचं, का सांगायचंच न्हाई, हे मी ठरिवलं आसतं. तुमी दोघींनी मला इचारलं न्हाई. एवढाच माझा राग हाय, अन् तो अजून गेला न्हाई.

आता मीच सांगते. कल्यान झाल्यावर माझ्या अंगावरनं जाया लागलं, पोट दुखाया लागलं. गावातल्या चौघी-पाच जनींनी पिशवी काढली हुती. त्या म्हनल्या, काढून टाक, तोडीत दर म्हैन्याला कशाला जीवाला घोर? डाक्टर म्हनला, ठिवलीस तर पुढं कॅन्सर हुईल. दुसऱ्या कुनाला इचारलं न्हाई. मी तवा सव्वीस वर्साची आसंन. सोसायला सोपं जाईल म्हनून काढली अन् समदं वाढून बसलं. आता अंगातनं वाफा निघत्यात, हाडं ठनकत्यात, उगाच रडू येतं. नगरला सरकारी दवाखान्यात गेले तवा तिथली बाई म्हनली, तुझं औषदानं बरं झालं आसतं, काढायचं काईच कारन न्हवतं. मी म्हनलं, हे आता सांगून काय उपेग?

हे मी तुझ्या आईसाठी सांगते. तिला वाचून दाखीव. तुमच्या वाडीत कुन्या बाईला आसं सांगितलं तर तिनं आधी दुसऱ्या ठिकानी इचारावं. आईला दाखीव अन् तुझ्या बाईंना दाखीव. बायकांत वाचलंस तरी चालंल, माझं नाव घेतलंस तरी चालंल. ते मी सांगते म्हनून. पेपरवाल्याला देऊ नगंस.

रेश्माला शिकवायचं माझ्या लई मनात हुतं. सर परवा आले हुते, नाव काढलं न्हाई म्हनले, आठवीत बसवतो म्हनले. चांगला मानूस हाय. पन माझ्यानं आता वाकवत न्हाई. तोडीला जोडीनंच घेत्यात, एकट्या गड्याला कुनी घेत न्हाई. दसऱ्यापतूर ती शाळंत जाईल. दसरा झाला की तिच्या बापासंगं माझ्या जागी तिनं जायाचं, मी घरी ऱ्हाऊन कल्यानला बघायचं, आसं ठरलंय.

हे सांगितलं तशी ती लिहायची थांबली. पेन हातात धरून माझ्याकडं बघती हाय. मी म्हनते, हे बी लिही.

लंकाबाई गोरक्ष केदार